चप्पल घालून हात लावायचा

कूलरला करंट येतो याची तक्रार नागपुरात कोणी फारशी करत नाही. पाणी, पत्रा आणि मोटर एका ठिकाणी आली की कधीतरी झटका बसणारच, असं आम्ही धरून चालतो. घरातल्या लहान पोरांना त्यासाठी दोन गोष्टी शिकवल्या जातात. एक, कूलरला चप्पल घालून हात लावायचा. दुसरी, आधी उलटा हात लावायचा. तळहात टेकवला आणि पत्र्यात करंट असला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. हाताची पाठ टेकवली तर हात आपोआप मागे येतो. आमच्या घरी कूलरपाशी रबरी चपलांचा एक जुना जोड कायम पडलेला असे. पाणी भरणाऱ्यानं तो घालायचा आणि भरून झालं की तिथेच सोडायचा.

एवढ्यानं भागत नाही, हे मला माहीत होतं. माझी नोकरी कोराडीला, वीज केंद्रात. तिथे कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याचा पुरवठा तोडतात, स्विचला कुलूप घालतात आणि कुलपाला काम करणाऱ्याच्या नावाची पाटी लावतात. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. साहेब आला तरी दुसऱ्याच्या पाटीला हात लावत नाही. नोकरीला लागल्यापासून मी हे पाळत आलो आहे आणि नव्या पोरांना शिकवतही आलो आहे. घरी आलो की मात्र मी इतर नागपूरकरांसारखा चपलांवर भरवसा ठेवणारा माणूस होतो.

गेल्या मे महिन्यात आईच्या खोलीतला कूलर लावला की सगळ्या घराची वीज जायला लागली. आमच्या बोर्डात आरसीसीबी आहे. घरात जितकी वीज आली तितकीच परत गेली की नाही, एवढंच ते पाहतं. थोडीही वीज पत्र्यातून, पाण्यातून किंवा माणसातून जमिनीत जाऊ लागली की ते खटकन खाली पडतं. म्हणजे ते आपलं काम चोख करत होतं. कूलरच्या पाण्याचा पंप खराब झाला होता, तो बदलायला हवा होता. पण दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानं अर्धवट बंद. आई डोक्यावर ओला पंचा घेऊन पलंगावर बसली होती.

"काहीही कर गा," ती म्हणाली, "पण थो कूलर चालू कर. माह्या जिवाची काहिली होऊन राहिली."

मी बोर्डाचं झाकण उघडलं, आरसीसीबीच्या वायरी काढल्या आणि थेट जोडून टाकल्या. झाकण परत बसवलं. कूलर सुरू झाला. आईनं पंचा काढून खुंटीला लावला आणि ती आडवी झाली. उद्या पंप आणू, असं मी स्वतःला सांगितलं. पंप दोन-तीन दिवसांनी आणला, बसवलाही. पण वायरी पूर्ववत करायच्या राहून गेल्या. पाऊस लागला, कूलरवर ताडपत्री चढली, तरी राहिल्याच. झाकण बंद असलं की आतलं दिसत नाही. बाहेरून पाहिलं तर आरसीसीबीचा खटका वर, म्हणजे सगळं ठीक. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

दिवाळीनंतर मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची माशांची टाकी आमच्या गळ्यात पडली. मासा एकच. फ्लॉवरहॉर्न. लालसर रंगाचा, कपाळावर हे एवढं टेंगूळ. दुसरा मासा सोबत ठेवला तर हा त्याला मारतो, म्हणून तो एकटा राहतो. मुलीनं जाताना त्याचं वेळापत्रक तोंडी समजावलं, आणि थंडी पडली की हीटर लावायचा असं तीन वेळा बजावलं.

"काहून गा, मासोळीले थंडी वाजते?" आईनं विचारलं होतं.

"हा गरम देशातला आहे आजी," मुलगी म्हणाली.

"अन् नागपूर काय थंड देशात येते?"

आईला सुरुवातीला ते टेंगूळ पाहवत नव्हतं. पण सवय लागली. आंघोळ करून, पूजा आटोपून ती टाकीपाशी यायची आणि दाणे टाकायची. दाणे टाकून झाले की उजव्या हाताची बोटं पाण्यात बुडवायची. मासा खालून वर यायचा आणि ते टेंगूळ तिच्या बोटांना घासायचा. "टेंगळ्या, झालं का तुहं?" असं ती त्याला विचारायची. हा माझ्या आईचा दिवसभरातला सगळ्यात मोकळा वेळ होता, असं मला आता वाटतं. वडील गेल्यापासून ती फारशी बोलत नव्हती. त्या माशाशी बोलायची.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमच्याकडे थंडीत फरशी गार पडते म्हणून बायको आणि मी घरात सपाता घालतो. आई आंघोळीपासून नैवेद्य होईपर्यंत पायात काही घालत नाही. टाकीपाशी ती येई ती अनवाणी, आणि बरेचदा पाय ओले.

डिसेंबरमधल्या एका रविवारी मी टाकीचं पाणी बदलत होतो. अर्धं पाणी काढलं, तेव्हा हीटरची काचेची नळी उघडी पडली. हीटर बंद करायला हवा होता, मी केला नाही. बादलीतलं गार पाणी ओतलं तेव्हा टिक असा आवाज झाला. मी तो ऐकला. नळीकडे पाहिलं, ती सरळ दिसली, आणि मी उरलेलं पाणी ओतलं.

त्यानंतर काही दिवसांनी आई म्हणाली, "मले बोटाले मुंग्या येऊन राहिल्या."

आईला शुगर आहे. तिच्या मोठ्या बहिणीलाही होती. मावशीचं असंच सुरू झालं होतं: आधी बोटांना मुंग्या, मग पायांना, मग पायाची जाणीवच गेली, जखम झाली तरी कळेना, आणि शेवटी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आमच्या घरात मुंग्या या शब्दाला तेवढा एकच अर्थ होता. मी आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, कधी येतात? आई म्हणाली, सकाळी. कोणत्या हाताला? उजव्या. दुसऱ्या नाही? नाही. डॉक्टरांनी थोडा विचार केला, तपासण्या लिहून दिल्या, एक जीवनसत्त्वाची गोळी वाढवली आणि खाण्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. फक्त सकाळी आणि फक्त उजव्या हाताला, हे मी शेजारी बसून ऐकत होतो. सकाळी उजव्या हातानं ती काय करते, हे डॉक्टरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं.

तेव्हापासून आईनं संत्री सोडली. तिचं माहेर नरखेडकडचं, मामांची बाग आहे, दर वर्षी ते एसटीनं खोकं पाठवतात. या वर्षीही आलं. ती खोक्यातली फळं हातात घेऊन वास घ्यायची आणि आम्हाला सोलून द्यायची. स्वतः एक फोड तोंडात टाकत नव्हती. एकदा मी पाहिलं, ती खिडकीत बसून सेफ्टी पिनचं टोक उजव्या हाताच्या बोटांना टोचून पाहत होती. एका बोटाला टोचायची, थांबायची, मग दुसऱ्याला. मी दारातून मागे फिरलो.

देवासाठी वाती वळायचं काम तिनं बायकोवर सोपवलं. "शिकून ठेव वं," ती म्हणाली, "माह्या हाताचा काही भरोसा नाही आता."

संक्रांतीनंतर बायकोनं घरी हळदीकुंकू ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळपासून घर धुणं-पुसणं चाललं. सतरंज्या टाकायच्या म्हणून तिनं सपाता काढून ठेवल्या होत्या. फरशी अजून ओली होती. पाहुण्या बायका येणार म्हणून टाकीची काच पुसून ती झाकण उचलायला गेली आणि तिचं बोट पाण्याला लागलं.

"अगं बाई! करंट!" ती ओरडली आणि हात झाडत मागे आली.

मी खुर्चीवर बसलो होतो. मी म्हणालो, "चप्पल घालून हात लाव ना."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं आईच्या खोलीकडे पाहिलं. आई आत तिळाचे लाडू डब्यात भरत होती.

"आई कुठून घालणार चप्पल?" बायको हळूच म्हणाली.

मी उठलो. टेस्टर आणला आणि त्याचं टोक टाकीतल्या पाण्याला लावलं. टेस्टरमधला दिवा लागला. आतमध्ये मासा त्या टोकापर्यंत आला, त्याला वाटलं खायला आलं असावं. माशाला काहीच होत नव्हतं. तो त्या पाण्यातच होता, त्याच्यातून वीज जायला दुसरी वाट नव्हती. मी प्लग काढला. हीटर बाहेर काढून उजेडात धरला तेव्हा नळीला खालच्या बाजूनं केसासारखी बारीक चीर दिसली. आत पाण्याचे थेंब होते.

"मुंग्या," बायको म्हणाली.

"हो."

"आपण त्यांना डॉक्टरकडे नेलं."

"हो."

"अहो, पण आपलं ते मेन आहे ना? थोडाही करंट लागला की पडते म्हणता ते? मग ते काहून पडलं नाही?"

याची दोन उत्तरं होती. पहिलं असं की, ज्या विजेनं नुसत्या मुंग्या येतात ती फार थोडी असते, तेवढ्यानं घराचं मोठं आरसीसीबी पडत नाही. ते खरं होतं. मी तेच दिलं. बायकोनं मान हलवली आणि ती सतरंज्यांकडे वळली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं मला आवडलं नाही. कारण मुंग्यांपुरतंच ते उत्तर खरं होतं. एखाद्या सकाळी आईचे पाय जास्त ओले असते, चीर थोडी रुंदावली असती, तर मुंग्यांवर थांबलं नसतं. तेव्हा जे पडायला हवं होतं ते मी मे महिन्यातच मोडून ठेवलं होतं.

हळदीकुंकवाच्या बायका येऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मी सुटी घेतली. सामान आणलं, घराचा मुख्य पुरवठा बंद केला आणि बायकोला टॉर्च धरायला बोलावलं. बोर्डाचं झाकण काढलं. तिला वायरिंगमधलं फार कळत नाही, पण एक वस्तू मधे बसली आहे आणि तिला एकही वायर जोडलेली नाही, हे कळायला काही शिकावं लागत नाही.

"हे असंच होतं?" तिनं विचारलं.

"मी काढलं होतं. उन्हाळ्यात. कूलरमुळे पडत होतं म्हणून."

टॉर्चचा उजेड हलला नाही. "कोराडीत पण असंच करून राहिले का तुम्ही? मग तर सगळ्या जिल्ह्याचं अवघड आहे."

मी पेचकस उचलला.

"आणि काल मी विचारलं तेव्हा काय सांगितलं मला?"

"जे सांगितलं ते खरं होतं."

"हो, खरं तर तुम्ही नेहमीच बोलता," ती म्हणाली. "थोडं थोडं." मग तिनं टॉर्च नीट धरला. "करा आता. आईंना मात्र तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही, आणि लपवणारही नाही."

मी घराच्या आरसीसीबीच्या वायरी पूर्ववत जोडल्या. टाकीसाठी वेगळं, त्याहून कमी विजेवर पडणारं दुसरं एक बसवलं. जमिनीवर लोळणारा प्लगबोर्ड उचलून भिंतीला, टाकीच्या बाजूला, पाणी सांडलं तरी पोचणार नाही असा लावला. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल दिला, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोलाच्या तळाशी येऊन खाली पडेल. आणि पाण्यात अर्थिंगची एक कांडी सोडली. काचेच्या टाकीतलं पाणी जमिनीपासून तुटलेलं असतं. वीज त्यात उतरली तरी तिला जायला वाट नसते, म्हणून ती नुसती बसून राहते आणि पहिला हात लागेल त्यातून जाते. कांडी असली की ती वाट कांडीची होते. चीर पडताच वीज कांडीतून जमिनीत जाते आणि आरसीसीबी पडतं. कोणाचा हात लागायची वेळ येत नाही. नवा हीटर लावला. आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण दाबलं. खटका पडला, टाकीतला दिवा गेला, बुडबुडे थांबले. परत वर केला. हे सगळं काम जेवणाच्या वेळेच्या आत झालं. म्हणजे ते कधीही होऊ शकलं असतं.

आई दुपारी खिडकीत संत्री सोलत बसली होती, आमच्यासाठी. मी तिच्यासमोर खाली बसलो.

"आई, थे मुंग्या तुह्या शुगरच्या नव्हत्या. टाकीतल्या पाण्यात करंट होता. हीटर फुटला होता."

तिनं आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं उघडली, मिटली.

"खरं सांगून राहिला?"

"टेस्टर लावून पाह्यलं मी."

"म्हणजे माहा हात नाही चालला?"

"नाही."

ती हसली नाही. हातातल्या संत्र्याच्या दोन फोडी वेगळ्या केल्या आणि एकदम तोंडात टाकल्या. रस हनुवटीवर आला तो तिनं पदरानं पुसला. "अन् मी येडी, तुह्या मावशीसारखं होईन म्हणून रोज पाय पाहून राहिली होती," ती म्हणाली. "गावात मोटरीचा स्टार्टर आम्ही वाळल्या काडीनं दाबत होतो. करंट काय मले माहीत नाही का? पण थो झापड मारल्यासारखा लागते. असा मुंगीवाणी चावत नाही. कोणाची मेली ते कंपनी! असे फुटके हीटर विकतात!"

इथे थांबता आलं असतं. कंपनीचा काही दोष नव्हता, नळी माझ्या हातून तडकली होती. मी तेही सांगितलं. मग बोर्डाचं सांगितलं. मेमध्ये काय काढलं, काय करायचं राहिलं, ते जागेवर नसताना काय होऊ शकलं असतं. शेवटचं बोलताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो, फरशीवर पडलेल्या सालांकडे पाहत होतो.

आईनं हातातलं साल खाली ठेवलं.

"कूलर तं माह्याच खोलीतला होता," ती म्हणाली. "मीच म्हटलं तुले, काहीही कर."

"तू म्हटलं म्हणून नाही झालं थे. मी नंतर जोडलंच नाही. आळस केला."

"दोन्ही खरं असन." तिनं दुसरं संत्रं घेतलं. "आता कायले तोंड पाडून बसला? जिती आहो ना मी. घे, खा."

तिनं फोड पुढे केली. मला ती नको होती. तिनं रागवावं, निदान वडील असते तर काय म्हणाले असते ते तरी बोलावं, अशी माझी तयारी होती. तिनं दोषातला आपला वाटा काढून घेतला आणि माझा होता तेवढा माझ्याकडेच राहिला. मी फोड खाल्ली. आंबट निघाली.

मात्र आईनं त्यानंतर पाण्यात हात घातला नाही. सकाळी पूजा झाल्यावर ती टाकीपाशी यायची, दाणे चमच्यानं टाकायची आणि हात पाठीमागे घेऊन उभी राहायची. मासा खाऊन वर यायचा, तिच्या बाजूच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी टेंगूळ आणून थांबायचा. ती म्हणायची, "जाय, जाय खाली." मी दोनदा सांगितलं की आता काही होणार नाही. ती म्हणाली, "हाव, तू म्हणतो तं नसन होत." पण चमचा सुटला नाही. ते बरोबरच होतं. माझ्या शब्दावर विसंबून पाण्यात हात घालावा असं मी काही केलं नव्हतं.

चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं असतं. मी पगाराच्या तारखेला दाबणार होतो. आई म्हणाली, तू विसरशील, चतुर्थीला दाबू, मी चतुर्थी विसरत नाही. तेव्हा संकष्टीला सकाळी पूजा झाली की ती मला हाक मारते.

माघातल्या संकष्टीला तिनं स्वतः बटण दाबलं. खटका पडला, दिवा गेला, बुडबुडे थांबले. टाकीतल्या हवेच्या पंपाचा आवाज बंद झाला की टाकी फार शांत होते.

"पडलं," ती म्हणाली.

मी खटका वर केला. दिवा लागला. मी सपाता काढल्या. मोरीत जाऊन पाय ओले करून आलो आणि अनवाणी टाकीपाशी उभा राहून सबंध हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्यात घातला. पाणी कोमट होतं.

"अरे, चप्पल घाल ना गा!" आई म्हणाली.

"असू दे."

ती माझ्या पायाखालच्या ओल्या डागांकडे पाहत होती. मी हात तसाच ठेवला. मासा एकदा माझ्या बोटांजवळून गेला, त्यांना हुंगल्यासारखं केलं आणि वळला. माझा हात त्याच्या ओळखीचा नव्हता.

"तुह्याजवळ नाही येत थो," आई म्हणाली. "हो बाजूले."

मी हात काढून घेतला. तिनं पदर खोचला, चमचा काठावर ठेवला आणि हात पाण्याजवळ नेला. तळहात वर, बोटं किंचित वाकलेली. कूलरला लावतात तसा उलटा हात तिनं आधी पाण्याला टेकवला.